दुसऱ्या कडव्याचा निकाल

प्रिय मित्रा,

आई गायली! मेंदूचा झटका आल्यापासून जिच्या तोंडून धड 'पाणी' निघत नाही, 'ते... ते...' करत जी गादीवर हात आपटते, तिने अख्खी ओळ शब्दांसकट म्हटली. हे तुला सोडून कुणाला सांगू?

मावशी आणि ताई उशाशी बसल्या होत्या. भेटायला येणाऱ्यांची एकच अडचण असते: 'कशी आहेस' विचारायचं, आणि उत्तर येणार नाही हे माहीत असतं. मग मावशी गुणगुणायला लागली, मीही सूर लावला. दुसऱ्या कडव्याला मी तुझ्यासारखा वर गेलो मात्र, आईने डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं म्हणतोस! आणि तीच ओळ खालून, तिच्या पद्धतीने, पूर्ण म्हणून दाखवली. याच ओळीवरून तुम्ही दोघांनी अबोला धरला होता आणि निरोप मी पोचवत होतो. आता निकाल लागला बाबा, अपील नाही.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना नवल वाटलं नाही. बोलणं बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं, आईला मार तिथेच बसलाय. पण पाठ असलेलं गाणं उजव्या बाजूच्या आधाराने येऊ शकतं. त्यावरूनच १९७३ साली अमेरिकेत बोलणं शिकवायची एक पद्धत मांडली गेली. 'पण गाणं आलं म्हणजे बोलणं परत आलं असं धरून चालू नका,' हेही त्यांनी बजावलं.

घरात मात्र सगळ्यांनी तसंच धरलंय. बातमी पसरली आणि माणसांची रीघ लागली. कुणी फोन समोर धरून 'काकू, गा ना' म्हणतं, कुणी 'मी कोण, ओळखा बघू' म्हणून परीक्षा घेतं. ती घाबरते रे, भिंतीकडे तोंड करते. तिचं हृदय आता फार थकलंय. हॉस्पिटलात नेऊन उपयोग नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय. माणसं यावीत असं मलाही वाटतं. मावशीने हात हातात घेतला की तिच्या कपाळावरची आठी जाते, श्वास संथ होतो. पण एका वेळी दोघंच, थोडा वेळ, आणि गायचं ते हळू, तिच्या श्वासाच्या चालीने. ती गायली तर गायली.

दादाला हे पटत नाही. 'मागे आपल्याकडे काय उरणार? रेकॉर्डिंग हवंच,' म्हणतो. त्याचंही खोटं नाही, म्हणून तर मला जोरात भांडता येत नाही. काल ती गप्पच राहिली, तर दादा फोन खिशात टाकून बाहेर जाऊन उभा राहिला. 'तूच गा तिच्यासाठी,' म्हटलं, तर म्हणतो, 'मी गायलो तर आजच जाईल.' शाळेत समूहगीताला त्याला नुसते ओठ हलवायला सांगायचे, आठवतं ना? दोघंही हसलो, आणि मग तो रडला. मला वाटतं, ती परत गाणार नाही याचीच त्याला धास्ती आहे.

आणि पुढे ती काहीच दाद देईनाशी झाली तर? तरी मी गाणार. २०२० साली कॅनडात अखेरच्या अवस्थेतल्या काही रुग्णांच्या मेंदूचे आलेख काढले होते. शुद्ध हरपल्यावरही काहींच्या मेंदूत आवाजाची नोंद होत होती. त्यांना ते उमगत होतं का, हे त्यातून ठरत नाही. मला तेवढंही पुरे आहे.

माझी तब्येत ठीक. तुझी नवी नोकरी कशी आहे? लेकीची परीक्षा झाली का? गुडघा दाखवून घे, टाळू नकोस.

संध्याकाळी ती जरा जागी असते. तेव्हा फोन कर, मी तिच्या कानाशी धरतो. ती ओळ तू तुझ्याच पद्धतीने म्हण, चिडली तर चिडू दे. आणि त्यानंतर दादाशी बोल. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल.

तुझाच