प्रार्थनेत मन लागत नाही म्हणालास ना

प्रिय बाळा,

जय ख्रिस्त.

रविवारी फोनवर तू बोलता बोलता म्हणालास, आई प्रार्थनेला बसतो पण मन लागतच नाही, दोन मिनिटांत ऑफिसचं काहीतरी डोक्यात येतं, आणि बायबल ॲपवरचं वाचन एक दिवस चुकलं, चाळीस दिवसांची स्ट्रीक गेली, म्हणून मग उघडलंच नाहीस. तेव्हापासून तेच माझ्या मनात घोळतंय. फोनवर नीट बोलता आलं नाही, टीव्ही चालू होता, म्हणून लिहून पाठवतेय. लांबलंय जरा, जेवताना वाच.

आधी मत्तय १४ काढ. येशू पाण्यावरून चालत येतो आणि त्याचा शिष्य पेत्र होडीतून उतरून त्याच्याकडे पाण्यावर चालत जातो ते. संडे स्कूलच्या नाटकात तू पेत्र झाला होतास, आपलीच निळी चादर समुद्र म्हणून अंथरली होती, आठवतं? त्यातली एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. वारा पेत्र बुडायला लागला तेव्हा सुटलेला नाहीये रे, तो आधीपासूनच होता, होडी लाटांनी हैराण झालेली, रात्रीचा चौथा प्रहर. गालीलचा समुद्र म्हणतात पण ते गोड्या पाण्याचं सरोवर आहे, साधारण २१ किलोमीटर लांब, समुद्रसपाटीच्या दोनशे मीटरहून जास्त खाली आणि भोवती डोंगर, त्यामुळे वारा वरून एकदम उतरतो आणि पाणी खवळतं. पेत्र तिथलाच कोळी, त्याला काय तो वारा नवा होता? तसल्या वाऱ्यातच तो होडीतून उतरला आणि चालला पण. नजर वाऱ्याकडे गेली आणि मग घाबरला. तेव्हाची त्याची प्रार्थना बघ केवढी, प्रभूजी मला वाचवा, बस. आणि येशूने लगेच हात पुढे करून धरलं, म्हणजे तो हात पोचेल इतक्याच अंतरावर उभा होता! वारा पडला तो दोघं होडीत चढल्यावर, म्हणजे होडीकडे येतानाही वारा चालूच होता.

हे मला पप्पांच्या ऑपरेशनच्या वर्षी कळलं. तू नववीत होतास, तुला फार काही सांगितलं नव्हतं आम्ही. त्या दिवसांत मी रोज तास तास गुडघ्यांवर असायचे, शेजारणी म्हणायच्या केवढा विश्वास, पण खरं सांगू, मी देवाला फक्त बिलाचे आकडे सांगत होते. डोळे मिटलेले आणि लक्ष सगळं काळजीकडे. एका रात्री दवाखान्याच्या बाकावर इतकी थकले की मागायला शब्दच उरले नाहीत, नुसतं म्हटलं प्रभू तू इथेच आहेस, आणि गप्प बसले, किती वेळ ते माहीत नाही. डोळे उघडले तर शेजारच्या बाकावर एक बाई, महूकडची होती, तीन दिवस तिथेच बसलेली, माझं तिच्याकडे एकदाही लक्ष गेलं नव्हतं. डब्यातले पोहे निम्मे तिला दिले. बिल तेवढंच होतं, पण त्या रात्री मी झोपले.

आणि आजोबांचं तर तू बघितलंच आहेस. मिलचा भोंगा व्हायच्या आधी उठून प्रार्थना करायचे, १९९१ मध्ये मिल बंद पडली, भोंगा गेला, हक्काचे पैसे अडकले, तरी उठायची वेळ तीच. चर्चला आपली उपासना हिंदीत पण घरची प्रार्थना त्यांची मराठीतच, आणि बोटांच्या पेरांवर नावं, एका पेरावर एक माणूस, अंगठा पुढे सरकवत जायचे. म्हातारपणी मधेच डुलकी लागायची. मी चहा घेऊन जायचे तर मान खाली आणि अंगठा त्याच पेरावर टेकलेला. जागे झाले की तिथूनच पुढचं नाव. सुरुवातीपासून नाही, सॉरी देवा पण नाही, सरळ पुढचं नाव.

तू पण तसंच कर ना. मन ऑफिसात गेलं तर गेलं, परत आलं की जिथे होतास तिथून पुढे. आणि स्ट्रीकचं टेन्शन घेऊ नको, ते ॲप मोजतं, आपला स्वर्गातला बाप तसला हिशोब ठेवत नाही. मार्क १ मध्ये येशू अंधार असतानाच उठून एकांतात जातो, आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दाराशी जमलेलं, तरी उठतो, आणि तिथेही शिमोन, म्हणजे आपला पेत्रच, त्याला शोधत येतोच, सगळे तुला शोधतायत म्हणून. त्याची प्रार्थना पण मधेच मोडली बघ. तो चिडला नाही, उठला आणि पुढच्या गावांना निघाला.

शेव आणि लसणाची चटणी कुरिअर केलीये, शेव तिखट आहे, रूममेटला आधी सांग. तुझी नाईट शिफ्ट आता कितीला सुटते ते कळव, त्या वेळेला मी पण उठून बसते. माझ्या अनामिकेचं मधलं पेर तुझं आहे.

तुझी
आई
इंदूर