फोंड्याच्या रिपेरीवाल्या काकांना, यंदाच्या सगळ्या अल्बमसाठी

काका, नमस्कार.

२०२४ संपायला आलंय, मित्र विचारतायत यंदाचे आवडते अल्बम कुठले, आणि यादी करायला बसलो तर प्रत्येक नावाबरोबर तुमचीच आठवण येतेय. म्हणून आधी थँक्स, यादी मागाहून.

मे महिन्यात बाबांचे जुने स्पीकर घेऊन तुमच्याकडे आलो तेव्हा त्याआधी सगळ्यांनी एकच सांगितलेलं, टाकून द्या, ब्लूटूथवाला घ्या. तुम्ही जाळी काढून वूफरच्या कडेच्या फोमला नुसतं बोट लावलंत आणि त्याचा भुगाच झाला. आपल्या दमट हवेत हे व्हायचंच, बाकी माल एकदम ठणठणीत आहे म्हणालात. मग तो चिकट भुगा स्पिरिटनं पुसून काढला, नवी रिंग लावली, आणि गोंद ओला असतानाच कागदी कोन दोन्ही अंगठ्यांनी अलगद आत दाबून कान लावून ऐकत राहिलात, आतली कॉइल कुठं घासत तर नाही ना. जरा खरखर आली की रिंग केसभर सरकवायची आणि परत दाबायचं. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं तरी तुम्ही घाई केली नाहीत, हे मी कधी विसरणार नाही.

टेस्टिंगला तुम्ही केसरबाई केरकरांची भैरवी लावलीत. आपल्या केरीच्या केसरबाई, ज्यांची हीच 'जात कहाँ हो' १९७७मध्ये व्हॉयजर यानांबरोबर सोनेरी तबकडीवरून अंतराळात गेली. साडेतीन मिनिटांची चीज, जुनं रेकॉर्डिंग, पण तो आवाज त्या खोलीत असा काही उभा राहिला की गिऱ्हाईकसुद्धा गप्प झालं. आणि संपल्यावर तुम्ही मला एवढंच म्हणालात, बाबा रे, काहीही ऐक, पण लावलंस की शेवटपर्यंत ऐक.

तेच केलं वर्षभर. मे संपता संपता पाकिस्तानी-अमेरिकी गायिका अरूज आफताबचा 'नाइट रेन' (Night Reign, पावसातला रेन नव्हे) आला आणि मग सगळा पावसाळा मी तोच ऐकला. त्यात 'ना गुल' म्हणून एक गाणं आहे, शब्द अठराव्या शतकातल्या हैदराबादच्या शायरा माह लका बाई चंदा यांचे, आणि अरूज ते इतकं हळू, इतकं खालच्या पट्टीत गाते की बाहेर पाऊस कोसळत असेल तर फोनवर काही कळणारच नाही, पण या वूफरवर तिचा श्वाससुद्धा ऐकू येतो. माझ्यासाठी यंदाचा नंबर एक हाच, यावर कोणाशीही भांडायला तयार आहे.

इंग्लिश गायिका बेथ गिबन्सचा 'लाइव्ह्ज आउटग्रोन' पण तसाच. दहा वर्षं घेऊन केलेला अल्बम, मरण आणि वय होणं याबद्दलचा, आणि त्यात ड्रमच्या जागी टपरवेअरचे डबे आणि पडदे भरलेलं खोकं असलं काय काय वाजवलंय. लाकडाचा, कापडाचा असा दबका ठोका येतो. तुम्हाला तो नक्की आवडेल.

आणि दिवाळीत द क्युअर हा इंग्लिश रॉक बँड. १६ वर्षांनी त्यांचा नवा अल्बम १ नोव्हेंबरला आला, आमच्या वाड्यावरच्या नरकासुराच्या पुतळ्यापुढच्या डीजेचा घुमारा अजून कानातून उतरला नव्हता. पहिल्याच गाण्यात तीन मिनिटं होऊन गेली तरी गाणारा तोंड उघडत नाही, नुसतं संगीत हळूहळू साचत जातं, आणि मग तो आवाज येतो तेव्हा पोटात कालवतं. ती तीन मिनिटं तुमच्यामुळे बसून ऐकली काका. मधूनच पुढं ढकललं असतं तर त्या आवाजाला काही अर्थच उरला नसता.

आई म्हणते स्पीकर परत लागल्यापासून घरात बाबा असल्यासारखं वाटतं. तीसुद्धा आता संध्याकाळी दिवाबत्ती झाली की अभिषेकीबुवांचं काहीतरी लाव म्हणून सांगते आणि शेवटपर्यंत बसते.

देव बरें करूं काका. शिगम्याआधी एकदा येतो, डाव्या स्पीकरची वायर जरा सैल झालीय ती पण बघून द्या, आणि 'नाइट रेन' घेऊन येतो, तुमच्याच दुकानात, तुमच्याच अ‍ॅम्प्लिफायरवर पूर्ण ऐकू.