तोरणमाळला भूर्ज नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत तोरणमाळच्या लेखात ‘सातपुड्यातला भूर्जवृक्ष’ म्हणून छापलेलं झाड कांडोळ आहे. (पुरवणी आमच्याकडे सोमवारी पोचते, तेही एकदा बघा.) पांढरं खोड आणि कागदासारखी सुटणारी साल दिसली की झाला भूर्ज? धडगावकडचा कुठलाही गुराखी हे झाड ओळखून दाखवेल. ज्याच्या सालीचं भोजपत्र होतं तो भूर्ज हिमालयात, साधारण ३,००० मीटरच्या वर, हिवाळाभर बर्फात उभा असतो. तोरणमाळची उंची सुमारे १,१५० मीटर. तिथे तो येणार कुठून?

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. २००३ साली आम्ही शहाद्याहून अकरा जण गंगोत्रीच्या पुढे गोमुखाला गेलो होतो. वाटेवर चिरबासाच्या पुढे भूर्ज दिसले. तांबूस-पांढरी साल, तिच्यावर आडव्या बारीक रेघा, पापुद्र्यांवर पापुद्रे. भोजबासा हे नावच या झाडांवरून पडलेलं, पण तिथे पोचलो तर झाडं जवळपास नाहीतच. यात्रेकरूंच्या चहा-स्वयंपाकासाठी वर्षानुवर्षं चुलीत गेली, असं घोडेवाल्याने सांगितलं. गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी तिथेच रोपं लावून जगवली, हे मला घरी आल्यावर कळलं.

परतताना माझ्या मेहुण्यांनी चाकूने एका भूर्जाची साल खोडाभोवती पूर्ण गोल काढली. वरचा पापुद्रा आपोआप सुटतो, पण आतली साल अशी चहूबाजूंनी काढली की पानांनी केलेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही, झाड हळूहळू मरतं. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो, मला हे माहीत होतं. ते वयाने मोठे म्हणून मी गप्प बसलो. ती साल आजही त्यांच्या देवघरात आहे आणि दर दिवाळीला तिथे गेलो की मला ते झाड आठवतं.

म्हणूनच त्याच अंकात पान सातवर ‘अस्सल भोजपत्रावरील सिद्ध यंत्र’ ही जाहिरात पाहून संताप आला. साल येते कुठून, हे तुम्ही जाहिरातदाराला विचारलंत का? आणि आता भोजपत्र तोरणमाळलाच मिळतं असं वाचून कोणी कोयता घेऊन कांडोळापाशी गेला तर? डिंकासाठी त्या झाडांवर आधीच घावांवर घाव पडताहेत.

दुरुस्ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको. फोटो होता तेवढ्याच जागेत, कांडोळाचं नाव घालून छापा. आणि ती जाहिरात बंद करा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, शहादा