मावशी, तुमच्या त्या फडक्याबद्दल

मावशींना सप्रेम नमस्कार,

तुम्ही जिथं आमच्या ठकीला सांभाळलंत आणि जिथून आम्ही तिला दत्तक घेतलं, त्या संस्थेतल्या ताई हे पत्र तुम्हाला वाचून दाखवतील. तुम्ही म्हणाल, एवढं लिहायचं काय, फोन करायचा. पण फोनवर मी सुरुवात केली की तुम्ही "असू द्या हो ताई" म्हणता आणि विषय ठकीच्या जेवणावर नेता. म्हणून लिहिते. उघड लिहिते, कारण दत्तक लेकराला घरी आणल्या आणल्या शस्त्रक्रियेला न्यावं लागलेली आणखी एखादी आई हे वाचेल. तिला डॉक्टर त्यांचं सगळं सांगतील. तुमच्यासारखं सांगणारं कुणी भेटेलच असं नाही. संस्थेचं आणि गावाचं नाव घालत नाही. ठकी हेही तिचं खरं नाव नाही. अशा मुलांची ओळख उघड करायला कायद्यानं मनाई आहे, आणि ते बरंच आहे.

दत्तक प्रक्रियेच्या सरकारी पोर्टलवर तिचा फोटो आला तेव्हा होकार कळवायला आमच्या हातात ४८ तास होते. फोटोत डाव्या बुबुळाच्या मधोमध पांढरा ठिपका होता, कवडीसारखा. वैद्यकीय अहवालात लिहिलं होतं, जन्मजात मोतीबिंदू. माझ्या सासूबाईंना ते खरंच वाटेना. "दोन वर्षांच्या पोरीला मोतीबिंदू?" त्यांच्या माहितीत मोतीबिंदू म्हणजे पिकायची वाट बघायची गोष्ट. लहान मुलांचं उलटं असतं. भिंग गढूळ राहिलं तर त्या डोळ्याकडून बघायला मेंदू शिकतच नाही, आणि शिकायचं वय हातातून जातं. एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर जन्मानंतर पहिल्या दोनेक महिन्यांत शस्त्रक्रिया झालेली उत्तम. ठकीची झाली सव्वादोन वर्षांची असताना. का, तो या पत्राचा विषय नाही. जिथं जिथं उशीर झाला तिथं तुमच्या हातात काहीच नव्हतं, एवढं मला माहीत आहे.

गरोदरपणात आईला रुबेला (जर्मन गोवर) झाला असेल तर बाळाच्या डोळ्यांसोबत कान आणि हृदयही तपासावं लागतं. ते झालं, दोन्ही ठीक निघालं. मिरजेच्या रुग्णालयातली शस्त्रक्रियेची तारीख मिळाली तेव्हा ठकीला घरी येऊन पाच आठवडे झाले होते. पाच आठवड्यांत ती माझ्या हातून जेवायला लागली होती, पण रडू आलं की भिंतीकडे तोंड करून रडायची. माझ्याकडे यायची नाही.

दत्तक आदेश जिल्हाधिकारी कार्यालयातून अजून यायचा होता. त्यामुळे संमतीच्या कागदांना संस्थेचं पत्र जोडायचं होतं, आणि ते घेऊन ताई येणार होत्या. त्यांच्या मागोमाग तुम्ही दिसलात, हातात कापडी पिशवी घेऊन. हक्काची रजा टाकून आला होतात. मी तिकिटाचे पैसे विचारले तर म्हणालात, "बायांना अर्धं तिकीट आहे की आता." खरं सांगते मावशी, तुम्हाला बघून मला बरं वाटलं नाही. पोटात गोळा आला. वाटलं, आता ही तुम्हाला बिलगणार, आणि पाच आठवड्यांत जे काही थोडंफार जमलं होतं ते तिथंच संपणार.

सकाळपासून उपाशी ठेवलेलं लेकरू भूल उतरताना जे रडलं, ते मी विसरणार नाही. डाव्या डोळ्यावर पट्टी, वर प्लास्टिकची जाळीदार वाटी. उजवाही तिनं घट्ट मिटून घेतला होता. उजेड सोसत नव्हता. हात सारखा पट्टीकडे. मी तिला उचलायला गेले तर अंग ताठ करून तिनं मला ढकललं. तेवढ्यात तुम्ही तिला हाक मारलीत. जुन्या नावानं. रडणं थांबलं, मान तुमच्याकडे वळली, दोन्ही हात हवेत आले.

तुम्ही तिला घेतलं नाहीत.

जीभ चावलीत, मग नव्या नावानं पुन्हा हाक मारलीत, त्याच सुरात. पिशवीतून फडकं काढलंत. जुन्या लुगड्याचा धडपा, कडेला चघळून चघळून मऊ झालेला. संस्थेनं आम्हाला ठकीसोबत नवे कपडे दिले, औषधं दिली, फाईल दिली. हे फडकं कुठल्याच यादीत नव्हतं. "धुतलं नाही मुद्दाम," तुम्ही म्हणालात. सिस्टर लगेच पुढे आल्या, डोळ्याजवळ अजिबात नाही म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. मग तुम्ही ते माझ्या मांडीवर अंथरलंत, मला खुर्चीत टेकून बसायला लावलंत आणि ताईंच्या मदतीनं ठकीला वर ठेवलंत. स्वतः मागे उभ्या राहिलात आणि हुंहुं करत राहिलात, ती तुमची बिनशब्दांची हुंहुं. तिला आवाज तुमचा येत होता, वास ओळखीचा येत होता, आणि पोटाला हात माझा होता. पाऊण तासानं हुंहुं तुम्ही थांबवलीत आणि मला खुणावलंत, आता तुम्ही. माझा सूर भलताच लागला. तरी ती झोपली.

मी तेव्हा आभार मानले नाहीत. मला रडू येत होतं आणि थोडा मत्सरही वाटत होता. दोन्ही एकदम.

त्या रात्री तुम्ही वॉर्डबाहेरच्या बाकावर झोपलात. मध्यरात्री मी विचारलं, आत का येत नाही? म्हणालात, "रात्री जाग आल्यावर तिला पहिल्यांदा तुम्हीच घावायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि थेंब सुरू झाले. एक औषध दर दोन तासांनी, एक दिवसातून चारदा, एक बाहुली मोठी ठेवणारं, आणि दोन थेंबांमध्ये पाच मिनिटांचं अंतर. मी बोटांनी पापणी उघडायला बघत होते, ती किंचाळत होती. तुम्ही म्हणालात, उघडता कशाला? उताणी झोपवा, डोळा मिटलेलाच असू द्या, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवा. उघडला की जाईल आपला आपण. डोळे आल्याच्या साथीत एका दिवसात किती पोरांना असं औषध घातलंत, ते सांगताना तुम्हाला हसू आलं होतं. आणि हात डोळ्याकडे जाऊ नये म्हणून कोपराला बांधायच्या बाह्या मिळाल्या होत्या, त्या जागेपणी बाजूला ठेवून तुम्ही तिच्या एका हातात वाटी दिलीत, एका हातात चमचा. अडकले दोन्ही हात. रात्री मात्र बाह्या घाला म्हणालात.

सगळ्यात कामाला आलं ते पुढचं. "आधी आवाज द्यायचा, ताई, मग हात लावायचा. हिला एका बाजूचं दिसत नव्हतं नं, दचकायची. मी आधी बांगड्या वाजवायचे." मी बांगड्या घालत नाही. त्या दिवसापासून घालते.

निघताना मी म्हटलं, ती झोपली की जा. तुम्ही ऐकलं नाहीत. "झोपेत गेले तर तिला वाटंल मावशी नाहीशी झाली." आम्ही तिला संस्थेतून आणलं तेव्हा ती गाडीत झोपेतच होती, जागी झाली ती परक्या घरात. हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. तुम्ही तिच्यासमोर उभ्या राहून "येते गं" म्हणालात आणि पाठ वळवून गेलात. ठकी खूप रडली. पण त्या दिवशी भिंतीकडे वळली नाही, माझ्या खांद्यावर रडली. तुम्ही जिन्यात होतात, तुम्हाला दिसलं नाही. म्हणून सांगते.

आता शाळेसारखं वेळापत्रक चालू आहे. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलंय, पण त्याला जवळ-लांब आपोआप जुळवून घेता येत नाही, म्हणून वर चष्मा. आणि रोज ठरलेले तास चांगल्या उजव्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे आळशी डाव्याला काम करावंच लागतं. शस्त्रक्रियेपेक्षा हे अवघड आहे, कुणी काही म्हणो. पट्टी लावली की तिला सगळं धुरकट दिसतं. पहिले पंधरा दिवस ती जमिनीवर बसून राहायची. मी बांगड्या वाजवत घरभर फिरायचे, ती आवाजामागून यायची. आता पट्टी लावूनही ताटातला शेंगदाणा बरोबर उचलते. डॉक्टर म्हणतात, सातव्या-आठव्या वर्षापर्यंत नेट लावायचा. नजर किती येईल ते आज कुणी सांगू नये.

परवा ती बाहुलीला निजवत होती. बाहुलीजवळ जाऊन आधी हातातला चमचा वाटीवर वाजवला, "हात लावते हां" म्हणाली, मग उचललं.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची भीती वाटत होती, म्हणून शेवटी ठेवली. तुमचं फडकं गेल्या आठवड्यात चादरीबरोबर चुकून मशीनमध्ये गेलं. वाळत घातलेलं बघून माझं काळीज थांबलं. ठकीनं ते ओढून घेतलं, हुंगलं, परत हुंगलं. मग त्यानं चष्म्याची काच पुसली, अजूनच धुरकट करून ठेवली, आणि गेली खेळायला. तरी पुढच्या तपासणीला मिरजेला याल तेव्हा दुसरा एक तुकडा घेऊन या. न धुतलेला.

तुमची,
ठकीची आई