पानाच्या तळापासून वाच

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज उतरलेला होता. पानशेतच्या पुरावरचा निबंध परत आला आणि वर लाल शाईत शेरा, ‘विकिपीडिया संदर्भ म्हणून चालणार नाही.’ तू विचारलंस, मग सगळे वाचतात ते चूक का? तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

वाचलंस यात काहीच चूक नाही. आम्ही ग्रंथालयात केतकरांच्या ज्ञानकोशाचे नाहीतर वाईच्या मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड मागून घ्यायचो. आज दोन्ही तुझ्या मोबाईलवर आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. १२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्यापुढे खालचं खडकवासला धरणही टिकलं नाही, एवढं तुला दहा मिनिटांत कळलं. पण तू तिथेच थांबलीस. मृतांचा आकडा लिहिलास, तो कुणी आणि कधी मोजला ते नाही लिहिलंस. या पुरातल्या बळींचे आकडे जागोजागी वेगळे सापडतात गं.

२००९ च्या मार्चमध्ये मॉरिस जार हे फ्रेंच संगीतकार वारले. डब्लिनच्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या विकिपीडियावरच्या पानात स्वतः रचलेलं एक वाक्य त्यांच्या तोंडी घातलं. त्याला पाहायचं होतं, पत्रकार खातरजमा करतात का. विकिपीडियाच्या संपादकांनी संदर्भ नाही म्हणून ते वाक्य काढलंही. तोवर ब्रिटन, भारत, ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्रांनी ते मृत्युलेखात छापलं होतं. शेवटी त्या मुलानेच कळवलं, तेव्हा चूक उघड झाली. मला यात सगळ्यात जास्त खुपतं ते हे, की त्या वाक्यापुढे संदर्भाचा, म्हणजे पानाच्या तळाशी असलेल्या स्रोताकडे नेणारा, छोटा आकडा नव्हता. एवढं पाहिलं असतं तरी पुरलं असतं.

म्हणून तू पान तळापासून वाच. खालचे संदर्भ उघड, मूळ पुस्तक किंवा अहवाल गाठ आणि निबंधात त्याचंच नाव दे, पण स्वतः वाचलं असशील तरच. ‘संदर्भ हवा’ असं दिसलं तर ते वाक्य सोडून दे. ‘इतिहास पहा’ उघडलंस की कुणी काय कधी बदललं ते दिसतं, आणि ‘चर्चा’ पानावर लोक कशावरून भांडले तेही. कित्येकदा खरा विषय तिथेच सापडतो. मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, ही मोठी सोय. पण त्याचा पहिला खंड १९७६ चा आहे, त्यामुळे लोकसंख्या, उत्पादन असले आकडे त्या काळचे समजून घे. केतकरांचा ज्ञानकोश तर १९२० च्या दशकातला. समाजाबद्दल त्यात जे लिहिलंय ते त्या वेळची दृष्टी म्हणून वाच.

आणखी एक. विकिपीडियावर स्वतःचं संशोधन चालत नाही, आधी कुठेतरी प्रसिद्ध झालेलंच तिथे घेतात. तुझ्या निबंधाला ते बंधन नाही. तुझी आजी त्या दिवशी नारायण पेठेतल्या वाड्यात होती, सोळा वर्षांची. ती कुठल्याच कोशात नाही.

या रविवारी तिच्याकडे जा. पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं, घरातलं काय वाहून गेलं, चिखल काढायला किती दिवस लागले, कुणी आसरा दिला, सगळं विचार. तिला सांगून मोबाईलवर रेकॉर्ड कर, तारीख लिहून ठेव. मग पुणे नगर वाचन मंदिरात किंवा विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात जुलै १९६१ ची वर्तमानपत्रं मिळतात का बघ, आणि तिचं सांगणं त्यांच्याशी ताडून पाहा. साठ वर्षांहून जुनी आठवण आहे, थोडी इकडची तिकडे झाली असेल. जिथे जुळणार नाही तिथे दोन्ही लिही.

दुपारी तिला डुलकी लागते, चारनंतरच जा. जाताना तिच्यासाठी चष्म्याची पेटी घेऊन जा, जुनी मोडली आहे.

तुझी,
आई