वाळूनंच वाळू अडवली: आमच्या मॅडमना पत्र

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या घरी येऊन हातात देता आलं असतं. तरी चारचौघांत लिहिते आहे, कारण तुम्ही मला जे दिलंत ते कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या प्रत्येक फौंड्रीतल्या आणि मशीन शॉपमधल्या पोरापोरींपर्यंत पोचायला हवं, असं मला मनापासून वाटतं. नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळते. पॉलिटेक्निकला तुमच्याकडं मशीन डिझाइन शिकलेले आणि तुमच्या निवृत्तीनंतर शनिवारच्या वर्गाला बसलेले लोक ओळखतीलच.

वाचणाऱ्यांसाठी आधी आमचं काम सांगते. आम्ही सँड प्लांट बनवतो. ओतकाम झालं की साचे फोडून निघालेली वाळू टाकून देत नाहीत. ती ढेकळं मोडून, चाळून, थंड करून पुन्हा वापरतात, आणि एका ठिकाणाहून दुसरीकडं न्यायला पाइपातून हवेच्या दाबानं ढकलतात. सरळ पाइप टिकतो. मार खातो तो बेंड, म्हणजे वळणाचा तुकडा. वाळूचा कण म्हणजे क्वार्ट्झ, मोसच्या मापावर कठीणता 7. साधं पोलाद त्याच्यापुढं मऊच. बेंडच्या बाहेरच्या अंगाला भोक पडतं, शेडभर धूळ उडते, लाइन थांबते, वेल्डर ठिगळ मारतो, आणि काही काळानं ठिगळाच्या शेजारी नवीन भोक. त्या धुळीला नुसती घाण म्हणून सोडून देता येत नाही. क्वार्ट्झ म्हणजे सिलिकाच, आणि सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, आणि खराब झालेलं फुप्फुस पुन्हा पहिल्यासारखं करणारं औषध नाही. म्हणून बेंडचं भोक मला कधी किरकोळ मेंटेनन्सचा विषय वाटला नाही.

त्यावर आमच्याकडं जी उत्तरं होती ती सगळीकडं असतात तीच. प्लेट जाड करा. आतून हार्डफेसिंग करा, म्हणजे कठीण धातूचा थर वेल्ड करा. बसाल्टचं नाहीतर सिरॅमिक टाइलचं अस्तर द्या. बेंडची त्रिज्या वाढवा. वेग उतरवा. यातलं प्रत्येक उत्तर थोडं काम करतं, आणि प्रत्येक उत्तर दुसरीकडून काहीतरी काढून घेतं. जाड प्लेटनं वजन आणि खर्च वाढतो. अस्तर चांगलं टिकतं, पण एक टाइल निखळली की मागची प्लेट भराभर जाते. झीज वेगाच्या साधारण दुसऱ्या ते तिसऱ्या घातानं वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर झीज चार ते आठ पट. वेग कमी करणं म्हणूनच सगळ्यात मोहात पाडणारं. पण तो फार उतरवला की वाळू आडव्या पाइपात बसते आणि लाइन चोक होते. मोठ्या त्रिज्येचं तर आणखी अवघड. पोलादासारख्या तन्य धातूला समोरून आदळणारा कण जितकं खातो त्यापेक्षा 15 ते 30 अंशांच्या तिरकस कोनात घासत जाणारा कण जास्त खातो, आणि सौम्य वळणात वाळू नेमकी तशीच घासत जाते.

हे सगळं घेऊन मी तुमच्याकडं आले होते. ड्रॉइंग होतं, किमतींचा तक्ता होता आणि यातलं कुठलं निवडू एवढा एकच प्रश्न होता. तुम्ही तक्ता बाजूला सरकवलात आणि म्हणालात, "निवडायचं मागाहून बघू. बेंड काय काम करतो ते एका वाक्यात लिही."

मी लिहिलं, वाळूची दिशा बदलतो.

"दिशा कोण बदलतंय?"

बेंडची भिंत.

"भिंत हवी?"

हवीच, नाहीतर वाळू वळणार कशी.

"भिंत नको?"

नको. असली की झिजणार.

"मग हेच लिही. वाळू जिथं आदळते तिथं भिंत असली पाहिजे आणि तिथं भिंत नसली पाहिजे. दोन्ही शंभर टक्के. निम्मं-निम्मं चालणार नाही."

ते वाक्य कागदावर उतरलं आणि जाडीचा सगळा हिशेब एकदम बाजूला पडला. इतके दिवस आम्ही सगळे भिंत किती जाड यावर भांडत होतो. भिंत कशाची, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मग तुम्ही आदर्श उत्तर लिहायला लावलंत, म्हणजे बाहेरून काहीही न आणता भिंत स्वतःच स्वतःला जपेल. आणि जागेवर आयतं काय काय आहे त्याची यादी करायला सांगितलीत. पाइप, हवा, हवेचा दाब, गुरुत्वाकर्षण आणि वाळू. वाळू फुकट, हवी तेवढी, आणि येणाऱ्या वाळूइतकीच कठीण.

तेव्हा तुम्ही ट्रिझ ही शोध लावायची पद्धत घडवणाऱ्या गेनरिख आल्तशुलर यांच्या शिकवणीतलं ते जुनं उदाहरण सांगितलंत. पोलादी शॉट, म्हणजे बारीक गोळ्या, हवेच्या झोतानं पाइपातून जातात, वळणावर पाइप झिजतो. उत्तर असं की वळणाच्या बाहेरून चुंबक लावायचं. शॉटचाच एक थर आत चिकटून बसतो, आणि येणारे शॉट पाइपावर न आदळता त्या थरावर आदळतात. थरातला शॉट निसटला तर त्याची जागा दुसरा घेतो. "पण आपल्या वाळूला चुंबक धरत नाही," तुम्ही म्हणालात, "मग तिला कोण धरून ठेवील?" आणि चहा ठेवायला आत गेलात.

तुम्ही परत येईपर्यंत माझ्या कागदावर बेंड पुसून टी, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा पाइपाचा जोड, आला होता. एका बाजूनं वाळू आत, समोरचं तोंड बंद, बाहेर पडायची वाट काटकोनात. बंद तोंडाच्या खिशात वाळू भरून राहते, मागून येणारी वाळू त्या वाळूवर आदळते आणि वळते. भिंत आहे, पण वाळूची आहे, आणि ती सतत नव्यानं भरली जाते.

यानंतर तुम्ही जे केलंत त्यासाठी मला तुमचे सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत. तुम्ही लगेच सांगितलंत, "हा तुझा शोध नाही. न्यूमॅटिक कन्व्हेइंगवाले, म्हणजे हवेनं माल वाहून नेणारे, असा बंद टी फार आधीपासून वापरतात. आनंद याचा मान की कॅटलॉग न उघडता तू तिथं पोचलीस, आणि का पोचलीस ते तुला ठाऊक आहे." आणि लगेच दुसरा कोरा कागद पुढं केलात: यानं काय काय बिघडेल ते लिही. टीमध्ये दाब साध्या बेंडपेक्षा जास्त पडतो, म्हणजे ब्लोअरला तेवढी ताकद शिल्लक हवी. खिशात आधीच्या खेपेची वाळू उरते, म्हणून ज्या लाइनमधून वेगवेगळ्या प्रतीची वाळू पाठवायची तिथं भेसळ होणार. रेझिन (साच्याची वाळू बांधणारा चिकट पदार्थ) पूर्ण न जळलेली चिकट वाळू असेल तर खिशात ढेकूळ धरण्याची भीती. हा दुसरा कागद आज आमच्या प्रत्येक कोटेशनच्या आधी भरला जातो. एकाच प्रतीच्या कोरड्या वाळूच्या लाइनवर आम्ही टी देतो, बाकीच्या ठिकाणी देत नाही, आणि गिऱ्हाइकाला कारणासकट सांगतो. जिथं टी बसले तिथं ठिगळं मारायला वेल्डरला बोलावणं थांबलं आहे.

तुमच्या शनिवारच्या वर्गात फौंड्रीतले जुने मिस्त्रीही असतात, आणि ट्रिझ हा शब्द ऐकून सुरुवातीला ते हात बांधून बसतात. त्यांच्यासमोर तुम्ही ब्रेकर कोअर ठेवलात तो दिवस मला फार आवडला होता. रायझर म्हणजे कास्टिंगला जोडलेला जादा धातूचा साठा. त्याची मान जाड हवी, म्हणजे कास्टिंग आकसताना तिथून धातू खाली उतरत राहील. तीच मान बारीक हवी, म्हणजे फेटलिंगला, कास्टिंग साफ करताना, हातोड्याच्या एका घावात रायझर सुटेल. त्यावर उत्तर म्हणजे हा ब्रेकर कोअर, मध्ये भोक असलेली पातळ चकती. दोन्ही बाजूंच्या वितळलेल्या धातूनं ती पटकन तापते, त्यामुळं भोक बारीक असूनही त्यातला धातू लवकर गोठत नाही, आणि काम झालं की मान तिथंच तुटते. ज्यांनी आयुष्यभर ही चकती साच्यात बसवली होती त्यांना तुम्ही सांगितलंत, की तुम्ही रोज एक विरोध, म्हणजे एकाच गोष्टीकडून दोन उलट मागण्या, सोडवत होता, तडजोड करत नव्हता. त्या दिवसापासून प्रश्न आणणारे सगळ्यात पुढं तेच असतात. पद्धत वरून लादायची नसते, कामगाराच्या हातात आधीपासून जे आहे त्यातून ती दाखवायची असते, हे मी तुमच्याकडं बघून शिकले.

आल्तशुलर यांची हकीकत तुम्ही प्रत्येक नव्या तुकडीला सांगता, आणि ती सांगताना तुमचा आवाज बदलतो. जन्म 1926, ताश्कंदचा, वाढले बाकूला. नौदलाच्या कॅस्पियन ताफ्यात शोधांची तपासणी करणाऱ्या विभागात काम करताना 1946 पासून ते पेटंटं वाचत गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या उद्योगांतले चांगले शोध पुन्हा पुन्हा त्याच थोड्या युक्त्या वापरतात. राफाएल शापिरो या मित्राबरोबर त्यांनी स्टालिनला पत्र लिहून देशातल्या संशोधनाची दुरवस्था मांडली. 1950 मध्ये अटक झाली, 25 वर्षांची शिक्षा झाली, व्होर्कुताच्या छावणीत पाठवलं. चौकशीच्या काळात रात्री झोपू देत नसत आणि दिवसा डोळे मिटायची मनाई. तेव्हा सिगारेटच्या पाकिटाच्या कागदावर डोळे काढून मिटलेल्या पापण्यांवर चिकटवले, म्हणजे पहारेकऱ्यासाठी डोळे उघडे आणि स्वतःसाठी बंद, अशी गोष्ट सांगितली जाते. स्टालिनच्या मृत्यूनंतर 1954 मध्ये सुटले आणि 1956 मध्ये दोघांनी मानसशास्त्राच्या नियतकालिकात या पद्धतीवरचा पहिला लेख छापला. पुढं शोधाची 40 तत्त्वं आली, कुठल्या विरोधाला कुठलं तत्त्व बघायचं ते सुचवणारा 39 गुणधर्मांचा विरोध-तक्ता आला, बाकूला शाळा निघाली. 1998 मध्ये पेत्रोझावोद्स्कला ते गेले. ज्या माणसाचं सगळं हिसकावून घेतलं होतं त्यानं उरलेलं आयुष्य इतरांना विचार कसा करायचा ते शिकवण्यात घालवलं, हे तुम्ही म्हणता तेव्हा आमच्या वर्गात कुणी मोबाइलकडं बघत नाही.

एका बाबतीत तुम्ही कडक आहात आणि ते बरोबरच आहे. विरोध-तक्ता आधी उघडायचा नाही. 40 तत्त्वांची यादी भिंतीवर लावून एका दिवसात ट्रिझ शिकवणारी प्रशिक्षणं मीही बघितली आहेत. लोक यादीवर बोट ठेवतात, 'तुकडे करा', 'उलटं करा', 'आधीच करून ठेवा' असं वाचत जातात आणि कुठलं तरी एक प्रश्नावर चिकटवतात. त्यातून काही निघत नाही, आणि पद्धतीचं नाव मात्र खराब होतं. तक्ता जुन्या, बहुतेक यांत्रिक पेटंटांवरून बनलेला आहे. तो दिशा सुचवतो, उत्तर देत नाही. तुमचा क्रम ठरलेला असतो: काम काय, विरोध कुठं, आदर्श काय, जवळ काय आहे. मग विरोध वेगळा करून बघायचा. वेळेत वेगळा होतो का, जशी विमानाची चाकं उतरताना बाहेर आणि उडताना आत. जागेत होतो का, जसा दुहेरी चष्मा. भाग आणि पूर्ण यांत होतो का, जशी सायकलची चेन, कडी ताठ आणि चेन लवचीक. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त प्रश्न इथंच मोकळे होतात, तक्त्यापर्यंत जावंच लागत नाही.

मॅडम, अकलेचा मक्ता थोड्यांकडं असतो असं आमच्या उद्योगात अजून मानतात. कल्पना सुचली तर ती साहेबाला सुचायची, बाकीच्यांनी ड्रॉइंगप्रमाणं कापायचं. तुम्ही आयटीआयच्या पोराला आणि डिझाइन हेडला एकाच बाकावर बसवून तेच प्रश्न विचारलेत, आणि अनेकदा पोराचं उत्तर आधी आलं. मानधनाचं विचारलं तर तुम्ही दर वेळी विषय बदललात. रात्री फोन केला तरी "आधी विरोध सांग" एवढंच म्हणालात, कधी उत्तर आयतं दिलं नाहीत, आणि कधी घाईही केली नाहीत. माझ्या घरी, ऑफिसात, साइटवर मी आज ज्या विश्वासानं कोरा कागद पुढं ओढते तो तुमच्यामुळं. मी तुमची मनापासून ऋणी आहे, आणि हे मोठ्यानं सांगायला मला आनंद वाटतो.

आता एक विनंती. आमच्या चाळणीचा प्रश्न पुन्हा टेबलावर आलाय. जाळीची भोकं बारीक हवीत म्हणजे खडे अडतील, आणि मोठी हवीत म्हणजे कण अडकून जाळी बुजणार नाही. जाळीखाली उड्या मारणारे रबरी चेंडू ठेवतात ते आम्हाला माहीत आहे, पण आमच्या वाळूच्या तापमानाला रबर लवकर कडक पडतं. पोरांनी पहिला कागद भरलाय, जवळच्या गोष्टींच्या यादीत चाळणीचं स्वतःचं कंपन वर लिहिलंय आणि दुसऱ्या कागदापाशी येऊन थांबलीत. येत्या शनिवारचा वर्ग आमच्या शेडमध्येच घ्याल का? चाळणी चालू ठेवू. सकाळी नऊला घरी गाडी येईल.

तुमची विद्यार्थिनी