आधी पंखांचा विस्तार मोज

प्रिय अविनाश,

जुन्या पिस्टन इंजिनांच्या विमानांच्या मेळाव्याबद्दलचं तुझं पत्र आणि सोबतची यादी मिळाली. दोन डीसी-३, एक डीसी-६बी, एक सुपर कॉन्स्टेलेशन, जमलं तर ड्रॅगन रॅपीड आणि अँतोनोव एएन-२. यादी झकास आहे. पण निमंत्रणं धाडण्याआधी प्रत्येक विमानासमोर पंखांचा विस्तार, लांबी, इंधन आणि तेल असे चार रकाने आख आणि तो कागद घेऊन विमानतळाच्या व्यवस्थापकासमोर बस. अशा मेळाव्यात विमानं मिळवणं सोपं नसतंच, पण घोडं पेंड खातं ते टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटेवर, आणि इंधनाच्या टाकीपाशी.

विस्ताराचं बघ. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत २४ पासून ३६ मीटरच्या आतल्या पंखांना 'सी' अक्षर मिळतं. डीसी-३ चा विस्तार २९ मीटर, काळजी नको. डीसी-६बी ३५.८ मीटर, म्हणजे जेमतेम आत. सुपर कॉन्स्टेलेशन ३७.५ मीटर, म्हणजे थेट 'डी'. टॅक्सीवे 'सी'चा असेल तर तिच्यासाठी वेगळा मार्ग, पंखांच्या टोकांशी चालणारी माणसं आणि व्यवस्थापकाची लेखी संमती, तिन्ही लागतील. अग्निशमनाची श्रेणी लांबीवरून ठरते: १९.७ मीटरच्या डीसी-३ ला चौथी पुरते, पण ३२ मीटरची डीसी-६बी आणि ३४ मीटरच्या पुढची कॉन्स्टेलेशन सहाव्या श्रेणीत जातात. लहान विमानतळावर तेवढे बंब रोज उभे नसतात. त्या दिवसांपुरते बाहेरून मागवायचे तर ते काम सर्वांत आधी सुरू कर, कारण याला सर्वांत जास्त वेळ लागतो.

आता इंधन. या सगळ्या इंजिनांना १०० एलएल हे निळसर अॅवगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, लागतं. डीसी-३ ताशी साडेतीनशे लिटरच्या आसपास पितं, डीसी-६बी दीड हजारांच्या घरात. येणं, एक फेरी आणि परतीचं भरणं धरलं तर तुझी यादी लहान विमानतळाची टाकी एका दुपारीत कोरडी करेल. टँकर आधी सांगून ठेव आणि भरण्याच्या वेळा वाटून दे, नाहीतर शेवटच्या संध्याकाळी सगळे एकदम रांगेत येतील. टँकरवर कोणतं इंधन आहे हे नळी लावण्याआधी वैमानिकाच्या माणसाने स्वतः वाचलंच पाहिजे. पिस्टन इंजिनात जेट इंधन गेलं तर जमिनीवर कधीकधी सगळं ठीक वाटतं आणि उड्डाणाच्या जोरावर आल्यावर सिलिंडरमध्ये स्फोटक ज्वलन सुरू होऊन इंजिन फुटतं. मोठ्या इंजिनांची मूळ ताकद जांभळ्या ११५/१४५ इंधनावर ठरलेली होती. ते आता सहज मिळत नाही, म्हणून वैमानिक इंजिनातला हवेचा दाब कमी ठेवून उडवतात आणि वजन कमी ठेवतात. "टाक्या भरून घ्या" असा आग्रह त्यांना करू नकोस.

तेल विसरतात. रेडियल, म्हणजे वर्तुळात सिलिंडर मांडलेलं इंजिन तासाला काही लिटर तेल सहज खातं. कुणाला १०० दर्जाचं (घट्टपणाचा आकडा) चालतं, कुणाला १२० च हवं. प्रत्येकाला आधीच विचारून पिंपं मागव. प्रत्येक इंजिनाखाली ट्रे ठेव आणि तेल शोषणाऱ्या दाण्यांची पोती जवळ असू देत. रेडियलमधून तेल ठिबकणारच, ठिबकलं नाही तर टाकीत आहे का ते बघ.

वेळापत्रक मात्र इंजिनांना विचारूनच आख, प्रेक्षकांच्या सोयीने नव्हे. रात्रभर उभ्या रेडियलच्या खालच्या सिलिंडरांत तेल उतरतं. द्रव दाबला जात नाही. तशात स्टार्टर मारला की पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि तो तेव्हाच तुटेल असंही नाही, पुढच्या कुठल्याशा उड्डाणात तुटतो. म्हणून इग्निशन बंद ठेवून, स्विच बंद असला तरी पंखा (प्रोपेलर) जिवंत आहे असं समजूनच, तो हाताने फिरवतात. डीसी-३ च्या आर-१८३० इंजिनाचं गिअर प्रमाण १६:९ आहे, इंजिनाच्या १६ फेऱ्यांत तीन पात्यांच्या पंख्याच्या ९, म्हणजे चार पाती सरकली की चौदाही सिलिंडर एकदा फिरून होतात. क्रू त्याच्या दोन-तीन पट फिरवतात. अडलं तर उलट फिरवायचं नाही: तेल हवा आत नेणाऱ्या इनटेक पाइपात जातं आणि सुरू होताना परत आत ओढलं जातं. खालचे स्पार्क प्लग काढून तेल वाहू द्यायचं. एका इंजिनाला असे २८ प्लग असतात, तेव्हा पहिल्या फेरीआधी दीड तास मोकळा ठेव. सुरू झाल्यावरही तेल ४० अंशांवर आणि सिलिंडर हेड १२० अंशांच्या आसपास येईपर्यंत वैमानिक जोर देत नाही. निवेदकाला सांगून ठेव, त्या वेळात त्याने इंजिनाबद्दल बोलावं, "आता उडेलच" असं म्हणू नये. सुरू करताना आगीसाठी कार्बन डायऑक्साइडचा नळकांडा घेऊन माणूस उभा हवा. पावडर नको, ती इंजिनात गेली की घासते आणि गंजवते.

उभं करण्याचा क्रम असा लाव की आधी निघणाऱ्याच्या वाटेत कुणी नाही. डीसी-३ ओढण्याआधी शेपटीच्या चाकाचं लॉक सोडलंय का बघायचं, नाहीतर पिन तुटते. ड्रॅगन रॅपीडचे पंख लाकूड-कापडाचे. तिला मोठ्या रेडियलमागे कधीच ठेवू नकोस, आणि तिचं सुकाणू बांधून ठेव.

प्रेक्षकांना विमानाच्या आत नेण्याचं गणित साधं आहे. डीसी-३ जमिनीवर तिरकं बसतं, दार मागे डावीकडे, चढण समोर. बारा जणांची तुकडी सहा मिनिटांत फिरली तर ताशी १२० जण, त्याहून जास्त नाही. कठड्याला धरून चढावं लागतं, म्हणून ज्येष्ठांसाठी एक माणूस आत, एक बाहेर. नाकाखाली चाक असलेल्या जुन्या विमानांत मागे गर्दी झाली तर शेपटी टेकू शकते. डीसी-४ ला त्यासाठी टेकू लावतात. तुझ्या विमानांच्या क्रूला हे आधी विचार.

उडण्याच्या भागात एकच हट्ट धर: प्रत्येक फेरीची उंची, वळण आणि प्रेक्षकांपासूनचं अंतर सकाळच्या बैठकीत कागदावर ठरलेलं असावं. १२ नोव्हेंबर २०२२ ला डॅलसच्या प्रदर्शनात बी-१७ आणि पी-६३ ही दुसऱ्या महायुद्धातली विमानं हवेत धडकली, सहा जण गेले. विमानं वेगळी ठेवण्याची योजना आधी सांगितलेलीच नव्हती, रेडिओवर ऐनवेळी वाटा दिल्या जात होत्या, असं चौकशीत निघालं. तुला सहा विमानं एकदम हवेत हवीत हे मी समजतो. पहिल्या वर्षी दोन-दोन ने.

आणि तिकीट लावून प्रवासी फेऱ्या? यंदा नको. त्याला निराळा परवाना, निराळा विमा आणि देखभालीची निराळी नोंद लागते. ऑगस्ट २०१८ मध्ये आल्प्समध्ये जेयू-५२ हे जुनं प्रवासी विमान कोसळलं, वीसही जण गेले. त्यानंतर या बाबतीत तपासणारे जास्तच काटेकोर झाले आहेत, आणि ते बरोबरच आहे.

अॅप्रनचा, म्हणजे विमानं उभी करण्याच्या जागेचा, नकाशा मापांसह पाठव, रांगा आखून परत धाडतो.

तुझा,
श्रीकांत